नवी पालवी आधी लाल का? (आणि पानांच्या रंगाच्या इतर शंका)

घाटवाट
मंडळी, दर वर्षी मार्च संपता संपता ताम्हिणीतून कोकणात उतरताना हा प्रश्न पडतो आणि घरी येईपर्यंत विसरतो, म्हणून या वेळी धागाच काढला. कोशिंबाची (काही जण कुसुम म्हणतात, ज्याच्यावर लाख घेतात तोच) झाडं त्या दिवसांत अशी लालबुंद होतात की गाडीतल्या नवख्या माणसाला फुलंच वाटतात. जवळ जाऊन बघा, फुलं नाहीत, सगळी कोवळी पानं. शेंड्याची गडद लाल, उन्हाकडे धरली तर एकेक शीर मोजता येईल इतकी पातळ, त्याखालची तांब्याच्या रंगाची, त्याखालची पोपटी. म्हणजे एकाच फांदीवर पानाचं वय वरून खाली वाचता येतं. आंब्याचं तेच, पिंपळाचं तेच, आणि सीताअशोकाची पालवी तर पाणी न मिळाल्यासारखी लुळी लोंबत असते.

आता शंका अशी की हरितद्रव्य ऊन पकडतं आणि त्यावर झाड जेवतं एवढं शाळेत शिकलोय. मग ऐन उन्हाळ्यात एवढं फुकटचं ऊन असताना झाड हिरवं सोडून लाल पान का काढतं? आणि करंज त्याच दिवसांत लख्ख पोपटी असतो, त्याला का नाही लाल लागत?

फोटो चढवायला गेलो तर साइझ मोठी आहे म्हणतंय, नंतर टाकतो.

नाठाळ
झाडं होळी खेळून येतात आणि रंग निघायला वेळ लागतो. सोपं आहे. चालू द्या, मी चहा घेऊन आलोच.

हापूसवाला
घाटवाट, तुमचं कौतुक ठीक आहे पण ऐन मोहोराच्या दिवसांत आंब्याला लाल पालवी आली की आमच्या पोटात गोळा येतो हो. जिथं मोहोर यायचा तिथं पालवी फुटली म्हणजे त्या फांदीचा हंगाम गेलाच. म्हणून तर पावसाळ्यात मुळाशी कल्टार देतात, पालवी आवरते आणि मोहोर धरतो.

रंगाचं शास्त्र मला ठाऊक नाही, पण एक बघितलंय. लाल-कोवळी पालवी असते तेवढेच दिवस तुडतुडे आणि शेंडा पोखरणारी अळी जीव खातात. तीन-चार आठवड्यांत पान हिरवं होऊन कडक झालं, हातात घेतल्यावर कडकड वाजायला लागलं, की मग त्याला फारसं कुणी विचारत नाही. म्हणजे रंग आणि कडकपणा बरोबरच येतात.

बायोकेमवाली
हापूसवाला, तुम्ही जे शेवटी लिहिलंय ना तिथंच अर्धं उत्तर आहे. जरा मोठा प्रतिसाद होणार आहे, सांभाळून घ्या.

आपण हरितद्रव्याला फार साधं-भोळं समजतो. खरं तर ते जाळ लावणारं द्रव्य आहे. त्याचं काम ऊन शोषणं, आणि शोषलेली ऊर्जा पटकन पुढच्या साखळीला देणं. ती साखळी, म्हणजे हरितद्रव्य ज्या प्रथिनांत बसवलेलं असतं ती प्रथिनं, पुढचे इलेक्ट्रॉन नेणारे घटक, कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम, हे सगळं जागेवर असेल तर उत्तम. ते नसेल तर ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनवर जाते आणि ऑक्सिजनचं एक खवळलेलं रूप तयार होतं, ते पेशीचे पडदे जाळत सुटतं. म्हणजे यंत्रणा तयार नसताना नुसतं हरितद्रव्य उन्हात ठेवणं हा आत्मघात आहे.

कोवळ्या पानात ती यंत्रणा अर्धवट असते. ऊन मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण पडतं. मग बरीच झाडं हरितद्रव्य भरायचं लांबवतात आणि वरच्या थरातल्या पेशींत अँथोसायनिन नावाचं लाल-जांभळं द्रव्य भरतात. हे पाण्यात विरघळणारं, पेशीतल्या रसाच्या पिशवीत राहणारं, प्रकाशसंश्लेषणात काहीही काम न करणारं. ते निळा-हिरवा प्रकाश वरच्या वर गिळतं आणि आतल्या बांधकामावर शेडनेट घातल्यासारखी सावली धरतं. आत सगळं जुळलं की लाल द्रव्य ओसरतं आणि हिरवं वर दिसायला लागतं.

हिरवं का दिसतं हे बहुतेकांना माहीत असेल तरी एका ओळीत: हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश (साधारण ४३० आणि ६६० नॅनोमीटरच्या आसपास) जोरात शोषतं, हिरवा त्या मानाने सोडतं. अर्थात हिरवा पूर्ण वाया जातो असं नाही, जाड पानात आत फिरून फिरून त्यातलाही बराच पकडला जातो.

शंकासूर
बायोकेमवाली, ऐकायला छान आहे पण पटलं नाही पूर्ण. सावलीच हवी असेल तर जंगलाच्या खाली, जिथं ऊन पोचतच नाही, तिथल्या रोपांची पालवी लाल का असते? भीमाशंकरच्या दाट रानात मी पाहिलीय. आणि करंजाचं उत्तर तुम्ही शिताफीने टाळलंत.

बायोकेमवाली
टाळलं नाही हो, कुकरची शिट्टी झाली.

सावलीतल्या लाल पालवीचा मुद्दा एकदम रास्त आहे आणि त्यावरच वाद आहे. पनामात बारो कोलोराडो नावाच्या बेटावर फिलिस कोली आणि थॉमस कुर्सार यांनी वर्षानुवर्षं याच विषयावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की उष्ण कटिबंधातल्या रानात पानाला आयुष्यभरात किडीकडून जेवढा त्रास होतो त्यातला बराचसा ते कोवळं असतानाच होतो, कारण तेव्हा ते मऊ असतं. कडक व्हायला तंतू लागतात आणि वाढत्या पानात ते घालता येत नाहीत, नाहीतर पान वाढणार कसं. मग झाड काय करतं, तर पान पूर्ण आकाराचं आणि कडक होईपर्यंत त्यात नायट्रोजन, प्रथिनं, हरितद्रव्य असला महागडा माल भरतच नाही. खाल्लं कुणी तर फार काही जात नाही. सीताअशोकाची लुळी पानं यातच बसतात, आधी भराभर लांबी-रुंदी, ताठपणा नंतर.

म्हणजे "हिरवं उशिरा" याचं कारण एक आणि "मधल्या काळात लाल" याचं कारण वेगळं असू शकतं. लाल कशासाठी यावर ऊन आडवणं हे एक मत. दुसरं मत बुरशीचं: पानं कापून नेणाऱ्या मुंग्या (त्या वारुळात बुरशी पोसतात) अँथोसायनिन घातलेलं खाद्य कमी उचलतात असं दिसलं होतं, म्हणून बुरशीला ते सोसत नसावं असा तर्क. कोशिंबाला यातलं नक्की कुठलं लागू, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

करंजाचं म्हणाल तर सगळ्यांनी एकच वाट धरलेली नाही. काही झाडं पान भराभर हिरवं करून लवकर कमाईला लावतात आणि किडीचा धोका पत्करतात. करंजाची पोपटी पानं अळ्यांनी कुरतडलेली नि पापुद्र्यासारखे फुगवटे आलेली पाहिली असतीलच.

शंकासूर
हे बरं आहे. आता पटलं, निदान वाद आहे हे तरी पटलं.

एडिसनकर
रुमाल टाकून ठेवला होता, आता लिहितो. इकडे न्यू जर्सीत ऑक्टोबरात उलटा खेळ असतो, म्हातारी पानं लाल. मेपल लालभडक, बर्च आणि हिकरी मात्र फक्त पिवळे, कितीही थंडी पडो. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा (पण बर्फ पडण्याइतका नाही) असं वर्ष असलं की लाल रंग खुलतो आणि ढगाळ-पावसाळी ऑक्टोबर गेला की सगळं मळकट, मग भारतातून आलेल्या पाहुण्यांना लाँग ड्राइव्हला नेऊन आमची फजिती. मी असं समजत होतो की हिरवा गेला की आधीपासून खाली असलेले पिवळे-लाल वर दिसतात. बरोबर ना?

बायोकेमवाली
एडिसनकर काका, पिवळ्याचं बरोबर. कॅरोटिनॉइड्स वर्षभर पानात असतातच, हिरवा ओसरला की दिसतात. लालाचं तसं नाही, तो मेपल शेवटच्या आठवड्यांत मुद्दाम नवा तयार करतो. पानात साखर साठलेली असताना आणि ऊन भरपूर असताना अँथोसायनिन जास्त बनतं, म्हणून तुमचं ऊन-गारठ्याचं गणित.

आणि इथं एक गंमत आहे जी मला स्वतःला फार आवडते. सगळीकडे लिहिलेलं असतं की झाड पान गाळण्याआधी हरितद्रव्य मोडून त्यातला नायट्रोजन परत घेतं. नायट्रोजन परत घेतं हे खरं, पण तो प्रथिनांतला. हरितद्रव्यात पानाच्या एकूण नायट्रोजनपैकी जेमतेम दोन टक्के असतो, आणि तेवढाही झाड परत घेत नाही! हरितद्रव्याचं कडं फोडून त्याचे रंगहीन तुकडे करतं आणि पेशीतल्या पिशवीत टाकून देतं, ते पानाबरोबर खाली पडतात. मग एवढा खटाटोप कशाला? कारण वर लिहिलं तेच. आजूबाजूची प्रथिनं काढून घ्यायची असतील तर आधी त्यातलं जाळ लावणारं द्रव्य निकामी करायला हवं. हे रंगहीन तुकडे रंगच नसल्यामुळे कुणाला सापडतच नव्हते. त्यातल्या पहिल्याची रचना १९९१ साली बर्नहार्ड क्रॉइटलर आणि सहकाऱ्यांनी उलगडली. एवढं जगभर डोळ्यांदेखत दर वर्षी घडतंय आणि हिरवा जातो कुठं हे कळायला १९९१ उजाडलं.

आपल्याकडे मेपलसारखा प्रकार बघायचा तर मुंबईचा देशी बदाम बघा. जानेवारी-फेब्रुवारीत फूटपाथवर लालभडक पानांचा खच असतो, लोक त्यावरून चालत ऑफिसला जातात.

नाठाळ
आमच्या सोसायटीत त्याच पानांवरून दर वर्षी मीटिंग होते, झाड कापायचं की नाही. यापुढे सेक्रेटरीला हा प्रतिसाद वाचून दाखवणार.

केळीबाग
आमच्या रावेर-यावल भागात हे रोज बघतो, पानात नाही पण सालीत. ग्रँड नैन केळी उन्हाळ्यात नुसत्या खोलीत पिकायला ठेवली तर आतून मऊ होतात, गोड होतात, पण साल हिरवीच राहते. गिऱ्हाईक म्हणतं कच्ची दिली. या जातीत २४ अंशाच्या वर गेलं की हिरवा रंग मोडायचं कामच अडतं, पिकणं मात्र चालू राहतं. म्हणून रायपनिंग चेंबरला १६ ते १८ डिग्री ठेवून इथिलिन सोडतात, तेव्हा तो एकसारखा पिवळा येतो. लोकांना वाटतं पिवळा रंग म्हणजे केमिकल लावलं. अहो, तो रंग आधीपासून सालीत असतो, वरचा हिरवा जायला फक्त गारवा लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तिथं हा गारवा विकतच घ्यावा लागतो.

बायोकेमवाली
केळीबाग दादा, क्या बात! मग हे करून बघा. नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळतो ना स्टेशनरीच्या दुकानात, तो अंधारात पिकलेल्या पिवळ्या केळ्यावर मारा. साल निळसर चमकते. हे हरितद्रव्य मोडताना तयार झालेलेच तुकडे, केळ्यात ते बराच काळ टिकतात, म्हणून चमकतात. क्रॉइटलरच्याच गटाने २००८ साली दाखवलं होतं. डाग पडायला लागलेलं केळं असेल तर काळ्या ठिपक्याभोवती निळं कडं दिसतं.

टेरेसवरची_ताई
एवढं सगळं वाचून ज्ञानात भर पडली पण माझा प्रश्न संसारी आहे. गच्चीत कढीपत्ता आणि जास्वंद आहे. कढीपत्त्याची नवी पानं पिवळी-पांढरट येतात, शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारखी. जास्वंदाची जुनी खालची पानं पिवळी पडून गळतात. दोघांना एकच खत, एकच पाणी (बोअरचं). नर्सरीवाला म्हणाला मॅग्नेशियम कमी, एप्सम सॉल्ट घाला, कारण हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. घातलं. जास्वंद सुधारली, कढीपत्ता ढिम्म.

उसाचा_फड
ताई, कढीपत्त्याला लोह कमी पडतंय. आमच्या उसाला हेच होतंय, खोडव्यात जास्त, केवडा पडला म्हणतो आम्ही. शेंड्याची पानं पिवळी होत होत पांढरीफटक. चुनखडीच्या जमिनीत लोह असतंय भरपूर, पण पिकाला मिळत नाही, अडकून पडतंय. तुमचं बोअरचं पाणी क्षारांचं असणार, भांड्यावर पांढरं धरत असेल बघा, ते घालून घालून कुंडीतली माती तशीच झाली.

नवं पान की जुनं पान हे आधी बघायचं. मॅग्नेशियम आणि नत्र झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतंय, म्हणून कमी पडलं तर जुनी पिवळी. लोह एकदा पानात बसलं की हलत नाही, म्हणून नवी पिवळी. नर्सरीवाल्याचं जास्वंदाला लागू पडलं, कढीपत्त्याला नाही.

टेरेसवरची_ताई
अगदी अगदी, गीझरसुद्धा दर वर्षी साफ करावा लागतो. पण हरितद्रव्यात लोह असतं का? मग मॅग्नेशियमचं काय?

बायोकेमवाली
हरितद्रव्यात लोह नसतं, पण ते तयार करायच्या पायऱ्यांवर लोह लागतं. रेणूत मध्यभागी मॅग्नेशियमच. हे रिचर्ड विल्श्टेटर यांच्या कामातून ठरलं, त्यांना १९१५ चं नोबेल मिळालं. आपल्या रक्तातल्या हीमचं (हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग) कडं बरंचसं तसंच, फक्त मध्ये लोह.

निरोगी_जीवन
म्हणूनच तर गव्हांकुराच्या रसाला हिरवं रक्त म्हणतात! रोज सकाळी घेतला तर हिमोग्लोबिन वाढतं. कडं तेच, शरीर फक्त मॅग्नेशियम काढून लोह बसवतं.

बायोकेमवाली
नाही हो, शरीर तसं काही करत नाही. हीमचं कडं आपण स्वतः ग्लायसिनपासून सुरुवात करून बनवतो, पानाकडून उसनं घेत नाही. आणि पोटातल्या आम्लात तर हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो, उरतं ते मळकट ऑलिव्ह रंगाचं फिओफायटिन. रस आवडत असेल तर जरूर घ्या, पण अॅनिमिया असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका प्लीज.

खवय्यी
थांबा थांबा, तो मळकट रंग म्हणजे अळूच्या फतफत्यात चिंच घातल्यावर येतो तोच का? आणि पालकावर झाकण ठेवलं की येतो तो?

बायोकेमवाली
तोच. आंबट पडलं की मॅग्नेशियम सुटलं. भाजीची स्वतःची आम्लं वाफेबरोबर उडून जातात, झाकण ठेवलं की तीच पुन्हा भाजीत. म्हणून पालक उघड्या, भरपूर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं आणि लगेच गार पाण्यात. सोड्याने हिरवा टिकतो पण भाजी गिळगिळीत होते आणि क जीवनसत्त्व जातं, मी घालत नाही. फतफत्याला चिंच हवीच, घसा खवखवला तर रंग काय चाटायचाय.

खवय्यी
आजी म्हणायची की कल्हई गेलेल्या पातेल्यात आंबट-हिरवं काही करू नका, कळकतं. पण त्यातली भाजी मस्त हिरवीगार राहायची म्हणे.

बायोकेमवाली
आजी बरोबर होत्या. मॅग्नेशियम निघून गेलेल्या जागी तांबं बसतं आणि रंग झगझगीत हिरवा होतो, उकळूनही जात नाही. पण आंबटामुळे तांबं अन्नातही उतरतं आणि ते बाधतं. पूर्वी युरोपात लोणच्याच्या काकड्या हिरव्या दिसाव्यात म्हणून मुद्दाम तांब्याच्या भांड्यात उकळायचे, लोक आजारी पडायचे.

घाटवाट
धागा कोशिंबावरून लोणच्यावर आला, तक्रार नाही. लाल माठाचं पण सांगून टाका, तो तर म्हातारा झाला तरी लालच.

बायोकेमवाली
त्यातलं लाल अँथोसायनिन नव्हेच, बीटाचं असतं तसलं बीटालेन. माठ, बीट, बोगनवेल ही एका मोठ्या कुळसमूहातली, आणि ज्या झाडात बीटालेन असतं त्यात अँथोसायनिन नसतं. लालाच्या आड हरितद्रव्य असतंच, नाहीतर माठ जगला नसता. उकळला की लाल पाण्यात उतरतो.

शंकासूर
एक राहिलंच. नवरात्रात देव्हाऱ्यातल्या घटाचे अंकुर पिवळेजर्द का येतात? माती, पाणी, सगळं आहे. हिरवा उशिरा भरायचं धोरण म्हणायचं का हे?

बायोकेमवाली
छान प्रश्न. नाही, ते धोरण नाही, ती अट आहे. फुलझाडांत हरितद्रव्य बनवायची शेवटून जवळची एक पायरी उजेड पडल्याशिवाय होतच नाही. गहू-ज्वारीचा अंकुर अंधारात त्या पायरीपर्यंत माल तयार करून थांबतो, थोडाच करतो, कारण तोही उन्हात जाळ लावणाराच. दसऱ्याला घट उठल्यावर ते अंकुर टोपीत खोचून कुणी उन्हात सीमोल्लंघनाला गेलं तर परत येईपर्यंत शेंडे हिरवट झालेले दिसू शकतात. पाइनसारखी सूचिपर्णी झाडं मात्र अंधारातही हिरवी उगवतात, त्यांच्याकडे ती पायरी उजेडाविना करणारं दुसरं एन्झाइम आहे.

केळीबाग
टॉर्च आणला. केळं खरंच निळं चमकलं, पोरं वेडी झाली. मग पोराने केळीचं हिरवं पान ठेचून स्पिरिटमध्ये घातलं आणि गाळून त्यावर टॉर्च मारला, तर हिरवं पाणी लाल झालं! दिवा लावला की परत हिरवं. हे काय आता?

बायोकेमवाली
पोराला शाबासकी द्या. पान ठेचलं, स्पिरिटमध्ये हरितद्रव्य मोकळं झालं, ऊर्जा पुढे द्यायला साखळीच नाही. मग त्यातली काही ऊर्जा लाल प्रकाश म्हणून बाहेर टाकतं. जिवंत पानसुद्धा टाकतं, पण इतका कमी की डोळ्यांना दिसत नाही. बाटली उन्हात ठेवून द्या, हळूहळू रंग उडून जाईल. ऑक्सिजनचं खवळलेलं रूप हरितद्रव्याला पण सोडत नाही.

टेरेसवरची_ताई
माझा कढीपत्ता विसरू नका हो. फड दादा, किती आणि कसं घालू?

उसाचा_फड
हिराकस आणा, खताच्या दुकानात फेरस सल्फेट मागा. लिटरला ५ ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळा, नाहीतर पाणी तांबडं होऊन लोह वाया जातंय. ताजं करून लगेच पानांवर फवारा, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आठ-दहा दिवसांनी परत. मातीत नुसती हिराकस टाकू नका, चुन्यात पुन्हा अडकतंय, टाकायची तर शेणखतात मुरवून टाका. दुकानदार चिलेटेड फेरस (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या द्रव्यात धरून ठेवलेलं लोह) देईल, तर ईडीटीएचं आहे की ईडीडीएचएचं ते डब्यावर वाचा, चुनखडीच्या मातीत ईडीडीएचएच टिकतंय, महाग आहे पण कुंडीला लागतंय किती. जमलं तर पावसाचं पाणी साठवून घाला. फवारलेली पानं दोन-तीन आठवडे आमटीत टाकू नका. आणि फवारताना खाली गोणपाट अंथरा, फरशीवर हिराकशीचे डाग पडले की निघत नाहीत, मग घरात शिव्या मला.